मध्यस्थाकडे काय लागतं? बॅरिस्टर जयकरांच्या येरवडा फेऱ्या

हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर, ज्यांना ऑफिसात किंवा मेट्रोत इयरफोन लावणं जमत नाही त्यांच्यासाठी. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. मधले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' तेवढे काढलेत.

सुरुवात एका प्रोफाइलपासून करू. लिंक्डइनवर स्क्रोल करताना एका परदेशी वकिलाची प्रोफाइल समोर आली. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही अस्खलित, मध्यस्थीचं प्रशिक्षण घेतलेलं, आंतरराष्ट्रीय लवादाचा डिप्लोमा, चार संस्थांच्या पॅनेलवर नाव. आमच्या फील्डमध्ये लोक क्लाउडचे बॅज लावतात ना, अगदी तसंच. मी बीटेकवाला माणूस, कायद्यातलं फार कळत नाही, पण डोक्यात एक प्रश्न अडकला. दोन पार्ट्या भांडताहेत. एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत. त्यांच्या मध्ये उभं राहायला माणसाकडे नेमकं काय लागतं? भाषा? डिग्री? की आणखी काही?

उत्तर शोधताना मी येऊन पोचलो एका मराठी बॅरिस्टरपर्यंत. त्याचं नाव तुमच्यातल्या अनेकांनी रोज घेतलंय. पुणे विद्यापीठात जाऊन अभ्यास करणारी, एमपीएससीची तयारी करणारी मंडळी म्हणतात, 'जयकरला बसलोय'. जयकर म्हणजे लायब्ररी. पण ते जयकर कोण, असं विचारलं की बहुतेक जण 'पहिले कुलगुरू' म्हणून थांबतात. ते खरंच आहे. मुकुंद रामराव जयकर हे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू होते. पण त्याआधी त्यांनी जे केलं, त्याला आजच्या भाषेत मध्यस्थी म्हणतात. एका बाजूला ब्रिटिश साम्राज्य आणि दुसऱ्या बाजूला तुरुंगात बसलेले गांधी.

आधी दोन शब्द नीट वेगळे करून घेऊ, कारण पुढची सगळी गोष्ट या फरकावर चालते. लवाद म्हणजे तुम्ही दोघं मिळून एक पंच नेमता आणि तो जे म्हणेल ते मान्य करता. तो निवाडा देतो. मध्यस्थ निवाडा देत नाही. तो फक्त बोलणी घडवून आणतो. तोडगा निघाला तर तुमचाच, नाही निघाला तर तुम्ही उठून जायला मोकळे. लवादाच्या शेवटी निवाडा असतो, मध्यस्थीच्या शेवटी झालाच तर करार.

यातलं काहीच आपल्याला नवीन नाही. मराठेशाहीत वतनाची, हद्दीची भांडणं गोतसभेपुढे किंवा पंचायतीपुढे जायची. पंच बसायच्या आधी दोन्ही पक्षांकडून लिहून घ्यायचे की जो निर्णय होईल तो आम्हाला मान्य राहील. या कागदाला काय म्हणत माहितीये? राजीनामा! राजी असल्याचा नामा. आज आपण एचआरला पाठवतो तो राजीनामा वेगळा, पण शब्द तोच. आजच्या करारांमध्ये वाद झाल्यास लवादाकडे जाऊ असं जे कलम असतं, ज्यावर आपण न वाचता टिक करतो, ते त्या राजीनाम्याचंच भावंड.

आणि आंतरराष्ट्रीय लवादाचं म्हणाल, तर शंभर वर्षांपूर्वी एक मराठी माणूस अशा खटल्याचा विषय होऊन गेला. जुलै १९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांना मोरिया बोटीतून अटकेत मुंबईला आणलं जात होतं. मार्सेय बंदरात त्यांनी बोटीतून उडी मारली, किनाऱ्यावर पोचले, आणि तिथल्या फ्रेंच शिपायानं त्यांना पकडून परत बोटीवरच्या ब्रिटिश पोलिसांच्या ताब्यात दिलं. फ्रान्सच्या भूमीवर हे असं करता येतं का, यावर फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये वाद झाला आणि तो हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडे गेला. पाच पंच. अध्यक्ष बेल्जियमचे ओग्युस्त बेर्नार्त, फ्रान्सकडून लुई रनो. दोघेही शांततेचं नोबेल मिळालेले. म्हणजे पात्रतेच्या बाबतीत यांच्या वर कोणी नाही. हेगच्या करारातच लिहिलंय की पंच आंतरराष्ट्रीय कायद्यातले जाणकार आणि उच्च नैतिक प्रतिष्ठेचे हवेत. १४ ते १७ फेब्रुवारी १९११ सुनावणी झाली, २४ फेब्रुवारीला निवाडा आला. फ्रेंच शिपायाच्या हातून अनियमितपणा झाला असं धरलं, तरी कैदी परत देण्याचं बंधन ब्रिटनवर येत नाही. संपलं.

सावरकरांबद्दल तुमचं मत काहीही असो, तो आजचा विषय नाही. माझं लक्ष एका वेगळ्या गोष्टीकडे गेलं. या खटल्यात पक्षकार दोन सरकारं होती. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता, तो पक्षकारच नव्हता. निवाडा येण्याआधी डिसेंबर १९१० मध्ये मुंबईतल्या विशेष न्यायालयानं त्याला जन्मठेप सुनावूनही टाकली होती. हेगच्या टेबलावर कोणाला खुर्ची मिळाली आणि कोणाला नाही, हे पंचांच्या नोबेलपेक्षा जास्त महत्त्वाचं ठरलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर आता जयकर. जन्म १८७३ चा, मुंबईचे, पाठारे प्रभू घराण्यातले. विलायतेत जाऊन १९०५ मध्ये बॅरिस्टर झाले, मुंबई हायकोर्टात वकिली केली. मग राजकारणात आले, मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दासांच्या स्वराज पक्षात. इथे गोष्ट आपल्या विदर्भात येते. १९२५ साली अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे, जे स्वराज पक्षाचेच आणि मध्यप्रांताच्या कौन्सिलचे अध्यक्ष होते, त्यांनी नागपुरात सरकारच्या कार्यकारी मंडळातली जागा स्वीकारली. पक्षाची भूमिका होती की सरकारी पदं घ्यायची नाहीत. मोतीलाल भडकले. जयकर आणि न. चिं. केळकर मात्र म्हणाले, चूक काय त्यात? जिथे सरकार सहकार्य करेल तिथे आपणही करावं. त्याला नाव पडलं प्रतियोगी सहकारिता. नागपूरचे डॉ. मुंजे आणि यवतमाळचे बापूजी अणे याच बाजूला. फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्याला बैठक झाली आणि वेगळा पक्षच निघाला. थोडक्यात, नागपुरातल्या एका खुर्चीवरून जयकर आणि मोतीलाल नेहरू यांचं फाटलं.

(आपल्या रस्त्यांशीसुद्धा यांचा संबंध आहे. १९२७ ला भारतातल्या रस्त्यांसाठी जी समिती बसली तिचे अध्यक्ष जयकर. त्या कामातून पुढे इंडियन रोड्स काँग्रेस निघाली, आणि तिच्या मागोमाग १९४३ चा तो प्रसिद्ध 'नागपूर प्लॅन'. सिव्हिलवाल्या मित्रांना विचारा, त्यांना परीक्षेत येतो.)

आता या फाटाफुटीच्या चार वर्षं पुढे या. १९३०. मिठाचा सत्याग्रह. ५ मे ला गांधींना अटक, येरवड्यात रवानगी. ३० जूनला मोतीलाल आत. जवाहरलाल आधीच आत, नैनी तुरुंगात. नैनी म्हणजे अलाहाबादपाशी, यमुनेच्या पलीकडे. हजारो लोक जेलमध्ये. तिकडे व्हाइसरॉय आयर्विनला लंडनमध्ये गोलमेज परिषद भरवायची आहे आणि काँग्रेसशिवाय ती लंगडी ठरणार, हे त्यालाही कळतंय. दोन्ही बाजूंना बोलायचंय, पण आधी कोण बोलणार?

सुरुवात खरं तर एका पत्रकारानं करून दिली. 'डेली हेरल्ड'चा जॉर्ज स्लोकोम्ब. त्यानं मे महिन्यात येरवड्यात गांधींची मुलाखत घेतली, नंतर जूनमध्ये मोतीलालजींशी बोलला. फटीतून उजेड दिसला. मग दोन वकील पुढे आले. एक अलाहाबादचे सर तेज बहादूर सप्रू, फारसी-उर्दूचे मोठे जाणकार. दुसरे आपले जयकर. १३ जुलैला त्यांनी आयर्विनला पत्र लिहिलं: आम्हाला गांधींना आणि नेहरूंना तुरुंगात भेटू द्या. १६ ला होकार आला.

इथून पुढचा दीड-दोन महिन्यांचा प्रवास नकाशावर बघा. २३ आणि २४ जुलै, दोघे येरवड्यात गांधींसमोर. गांधी एक टिपण आणि नेहरूंसाठी पत्र देतात आणि म्हणतात, मी एकटा ठरवू शकत नाही, नैनीला विचारा. २७ आणि २८ जुलै, दोघे नैनीला. नेहरू बापलेक म्हणतात, गांधींशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय आम्ही काही सांगू शकत नाही. पत्र घेऊन जयकर पुन्हा येरवड्यात, यावेळी एकटेच, ३१ जुलै ते २ ऑगस्ट. पुणे ते अलाहाबाद, अलाहाबाद ते पुणे, मध्ये सिमला. सगळं रेल्वेनं, पावसाळ्यात. दोन सर्व्हर एकमेकांशी थेट बोलत नाहीत आणि मधला एक माणूस प्रत्येक मेसेज हातानं उचलून नेतोय, असा प्रकार.

शेवटी सरकारला कळलं की असं चालणार नाही. १० ऑगस्टला नेहरू बापलेकांना आणि सय्यद महमूद यांना एका स्पेशल ट्रेननं नैनीहून पुण्याकडे हलवलं. तुरुंगातून तुरुंगात. बातमी फुटायची ती फुटलीच, वाटेत स्टेशनांवर गर्दी जमली. १३ ते १५ ऑगस्ट येरवड्यात बैठक झाली. एका बाजूला सप्रू आणि जयकर. दुसऱ्या बाजूला गांधी, मोतीलाल, जवाहरलाल, वल्लभभाई, सरोजिनी नायडू, जयरामदास दौलतराम, सय्यद महमूद. गंमत बघा, सरोजिनीबाई सोडल्या तर खोलीतली जवळपास सगळी मंडळी कायदा शिकलेली. वकिलांच्या बैठकीत वकील मध्यस्थ, आणि बाकीचे सगळे कैदी.

मला यातला सगळ्यात बोलका क्षण वाटतो तो जयकर आणि मोतीलाल समोरासमोर बसतात तो. चार वर्षांपूर्वी ज्यांनी एकमेकांविरुद्ध निवडणुका लढवणारे पक्ष उभे केले, त्यातला एक आता दुसऱ्याचा निरोप घेऊन व्हाइसरॉयकडे जाणार. आजच्या व्याख्येनं जयकर तटस्थ अजिबात नव्हते. त्यांचं मत उघड होतं: गोलमेज परिषदेला जावं, सविनय कायदेभंग थांबवावा. काँग्रेसवाले त्यांना मवाळ समजायचे. जवाहरलालना या बोलण्यांतून फारसं काही निघेल असं वाटत नव्हतं. तरीही मोतीलाल त्यांच्याशी बोलले, कारण जयकर निरोप जसाच्या तसा पोचवतील याची त्यांना खात्री होती. आणि आयर्विननं दार उघडलं, कारण हे दोघे येरवड्यात जाऊन त्याच्याविरुद्ध कट करणार नाहीत याची त्याला. तटस्थ माणूस शोधला असता तर असा इंग्रज कैद्यांना नको होता आणि असा हिंदी व्हाइसरॉयला. दोन्ही दारं उघडू शकतील अशी ही दोनच माणसं होती.

१५ ऑगस्टच्या पत्रात काँग्रेसच्या नेत्यांनी अटी लिहून दिल्या. साम्राज्यातून बाहेर पडण्याचा हक्क. लोकांना जबाबदार असं पूर्ण राष्ट्रीय सरकार, लष्कर आणि अर्थव्यवस्थेसकट. आणि तिसरी अट माझी आवडती. भारताच्या नावावर ब्रिटिशांनी जे सार्वजनिक कर्ज आणि सवलती लिहून ठेवल्यात, त्यातलं जे अन्यायाचं वाटेल ते स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे नेण्याचा हक्क. म्हणजे लवाद! तुरुंगातून मध्यस्थामार्फत लवादाची मागणी. १९११ ला हेगमध्ये आपला माणूस विषय होता. १९३० ला आपली माणसं म्हणताहेत, आता आम्ही पक्षकार.

आयर्विननं २८ ऑगस्टच्या पत्रात सांगून टाकलं की या पायावर चर्चा अशक्य. मध्यस्थांनी आणखी एक फेरी मारून पाहिली. ५ सप्टेंबरला येरवड्यातून शेवटचं उत्तर आलं, नाही. बोलणी फिसकटली. त्यानंतर जयकर आणि सप्रूंनी एक गोष्ट केली जी आज कोणताही प्रशिक्षित मध्यस्थ करणार नाही. सगळा पत्रव्यवहार छापून टाकला. आजच्या मध्यस्थी कायद्यात गुप्तता सक्तीची आहे, खोलीतलं बाहेर काढता येत नाही. पण १९३० मध्ये लोकांना वाचता आलं की कोण काय म्हणालं आणि कशावर अडलं. अफवांना जागा राहिली नाही.

म्हणजे मध्यस्थी फेल? कागदावर, हो. पण दारं उघडी राहिली. जयकर आणि सप्रू लंडनला गोलमेज परिषदेला गेले आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला श्रीनिवास शास्त्रींबरोबर परतले. त्याच दिवशी मोतीलाल नेहरू लखनौला वारले. गांधींची सुटका २६ जानेवारीला झाली होती. आता या तिघांनी दोन्हीकडे खटपट केली, १७ फेब्रुवारीला गांधी आणि आयर्विन थेट समोरासमोर बसले आणि ५ मार्चला करार झाला. टेबलावर दोनच माणसं, मध्यस्थ बाहेर. मला वाटतं, मध्यस्थाला याहून मोठं यश नसावं.

आता १९३२. इथे गोष्ट अवघड होते, आणि नागपूरकर म्हणून माझ्यासाठी ती जास्तच अवघड आहे. दीक्षाभूमी माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे.

गोलमेज परिषदेत निरनिराळ्या समाजांचं प्रतिनिधित्व कसं असावं यावर एकमत झालं नाही. तेव्हा पंतप्रधान रॅमसे मॅकडोनाल्डनं १६ ऑगस्ट १९३२ ला स्वतः निर्णय जाहीर केला. मराठीत आपण त्याला काय म्हणतो? जातीय निवाडा. बघा शब्द. लवादाचाच शब्द, पण पंच कोण, तर ज्याचं राज्य आहे तोच. या निवाड्यात अस्पृश्य समाजाला, तेव्हाच्या सरकारी भाषेत दलित वर्गाला, प्रांतिक कायदेमंडळांत ७१ स्वतंत्र मतदारसंघाच्या जागा मिळाल्या, आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघातही मत. डॉ. आंबेडकरांनी हे टेबलावर लढून मिळवलं होतं. निवाड्यातच एक दार उघडं ठेवलं होतं: संबंधित समाजांनी आपसात करार केला तर सरकार तो स्वीकारेल.

गांधी येरवड्यातच होते. स्वतंत्र मतदारसंघांविरुद्ध २० सप्टेंबरला त्यांनी प्राणांतिक उपोषण सुरू केलं. मुंबईत मदनमोहन मालवीयांच्या पुढाकारानं बैठका, मग सगळे पुण्यात. तुरुंगाच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली गांधींची खाट. सप्रू आले, जयकर आले. राजाजी, राजेंद्रप्रसाद, बिर्ला. समोर आंबेडकर, आणि त्यांच्याबरोबर डॉ. सोळंकी. मद्रासचे एम. सी. राजाही होते, पण ते आधीच संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे. क्रिकेटपटू पाळवणकर बाळू, हो तेच डावखुरे गोलंदाज, त्यांचीही या करारावर सही आहे.

चार दिवस घासाघीस. सप्रूंनी तोडगा काढला: आधी दलित मतदारांनी प्रत्येक राखीव जागेसाठी चार उमेदवार निवडायचे, मग त्या चौघांतून सगळ्यांनी मिळून एक. स्वतंत्र मतदारसंघ जाणार, पण जागा ७१ वरून १४८. आपल्या मध्यप्रांताच्या वाट्याला २०. केंद्रीय कायदेमंडळात १८ टक्के. ही प्राथमिक निवडणुकीची पद्धत जास्तीत जास्त १० वर्षं. २४ सप्टेंबरला संध्याकाळी सह्या झाल्या. तो पुणे करार. २६ ला सरकारनं मान्य केला आणि गांधींनी उपोषण सोडलं.

आकडे बघून कोणी म्हणेल, निवाड्यापेक्षा करार बरा निघाला. जागा दुप्पट झाल्या की. मी कॉलेजात असताना हॉस्टेलवर हा वाद अनेकदा ऐकलाय आणि रात्री दोनपर्यंत चाललेला बघितलाय. पण सुरुवातीला केलेली व्याख्या आठवा. मध्यस्थीत कोणताही पक्ष कधीही उठून जाऊ शकतो. येरवड्यात आंबेडकर उठून जाऊ शकत होते का? ते उठले असते आणि गांधींना काही झालं असतं, तर गावागावातल्या, वेशीबाहेर राहणाऱ्या लोकांवर काय प्रसंग आला असता, हे त्यांना नक्की माहीत होतं. १९४५ च्या पुस्तकात त्यांनी काँग्रेस आणि गांधींचा जो हिशेब मांडला, त्यात हा करार आहे. चौघांच्या पॅनेलमधून सवर्ण मतांवर निवडून येणारा माणूस नेमका कोणाचा प्रतिनिधी, हा त्यांचा प्रश्न अजून शिळा झालेला नाही.

आणि मध्यस्थ? १९३० मध्ये जयकर-सप्रू मधल्या जागेवर होते. १९३२ मध्ये ती जागाच नव्हती. खोलीतले जवळपास सगळे, जयकरसुद्धा, एका बाजूचे होते: गांधींचा जीव वाचवायला आलेले. त्यात गैर काही नाही, मीही तेव्हा असतो तर कदाचित त्याच गर्दीत असतो. पण त्या दिवशी येरवड्यात आंबेडकरांच्या वतीनं व्हाइसरॉयकडे, किंवा गांधींकडे, निरोप नेणारा मधला माणूस कोणी नव्हता. त्यांना स्वतःच पक्षकार आणि स्वतःच वकील व्हावं लागलं. म्हणून माझं मत असं: फसलेली १९३० ची बोलणी मध्यस्थी म्हणून जास्त सरळ होती. तिथे तुरुंगात बसलेला माणूससुद्धा 'नाही' म्हणू शकला.

हे आजही फक्त इतिहासाचं नाही. २०२३ ला आपल्याकडे मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा आला. त्यात समझोत्याला कोर्टात आव्हान द्यायची कारणं मोजून दिलीत: फसवणूक, भ्रष्टाचार, दुसऱ्याच्या नावानं कोणीतरी सही करणं, आणि मुळात मध्यस्थीला योग्य नसलेला विषय. दबाव हे कारण त्या यादीत नावानं नाही. कौटुंबिक कोर्टात मध्यस्थासमोर बसलेली एखादी मुलगी माहेर आणि सासर दोन्हीकडच्या नजरांखाली 'मान्य आहे' म्हणते, तेव्हा हा मुद्दा काय आहे ते कळतं. कोर्टांच्या मध्यस्थी केंद्रांसाठी मध्यस्थांना ४० तासांचं प्रशिक्षण देतात. चांगलं आहे. पण खोलीतला कोण उठून जाऊ शकत नाही हे ओळखायला ४० तास पुरतात का, मला शंका आहे.

पात्रतेच्या यादीचं सरकारलाही नीट जमलेलं नाही. २०१९ ला लवाद कायद्यात एक परिशिष्ट घातलं: पंच व्हायला कोण पात्र, किती वर्षांचा अनुभव वगैरे. त्यानुसार परदेशी वकील बसतच नव्हते. आधी सांगितलेली स्पॅनिशवाली प्रोफाइलसुद्धा त्यात बाद. आंतरराष्ट्रीय लवादाचं केंद्र व्हायचंय आणि बाहेरचा पंच चालत नाही! ओरड झाली, आणि २०२१ ला ते परिशिष्ट काढून टाकलं. त्याच २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी अयोध्येचा वाद तीन मध्यस्थांकडे पाठवून पाहिला. त्या पाचांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते. पॅनेलमध्ये एक निवृत्त न्यायमूर्ती, एक आध्यात्मिक गुरू आणि एक अनुभवी मध्यस्थ वकील. समझोता झाला नाही, निकाल कोर्टालाच द्यावा लागला.

जयकरांकडे परत येतो. पुढे ते फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती झाले, १९३९ पासून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये बसले. म्हणजे साम्राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टात. निवाडा देणाऱ्या खुर्चीवर. पण खोड गेली नव्हती. डिसेंबर १९४६ मध्ये संविधान सभा सुरू झाली, नेहरूंनी १३ तारखेला उद्दिष्टांचा ठराव मांडला, आणि १६ ला जयकर उठले. मुस्लीम लीग आलेली नाही, संस्थानांचे प्रतिनिधी आलेले नाहीत, त्यांच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, थोडं थांबा, अशी त्यांची दुरुस्ती. भर सभागृहात, सगळे उत्साहात असताना! त्यांच्यावर टीका झाली. दुसऱ्या दिवशी राजेंद्रप्रसादांनी अचानक एका सदस्याचं नाव पुकारलं, ज्यांना आपला नंबर इतक्यात येईल असं वाटलं नव्हतं. डॉ. आंबेडकर. सगळ्यांना वाटलं, हे आता काँग्रेसला धारेवर धरणार. त्यांनी जयकरांचं म्हणणं उचलून धरलं: हक्काचा प्रश्न बाजूला ठेवा, शहाणपण कशात आहे ते बघा, आणि सगळ्यांना बरोबर घेऊन चला.

पुणे करारावर या दोघांच्या सह्या एकाच कागदावर, पण वेगवेगळ्या बाजूंनी झाल्या होत्या. चौदा वर्षांनी ते एका बाजूला उभे होते. सभागृहानं चर्चा जानेवारीपर्यंत पुढे ढकलली. लीग आली नाही. २२ जानेवारी १९४७ ला ठराव मंजूर झाला.

जयकरांनी त्यानंतर संविधान सभेचा राजीनामा दिला. तिकडे फाळणी ठरली आणि आंबेडकर ज्या बंगालमधून निवडून आले होते, ती त्यांची जागा गेली. त्यांना परत आणायचं तर कुठून, हा प्रश्न आला. मुंबई प्रांतात जयकरांची जागा रिकामी होती. जुलै १९४७ मध्ये त्या जागेवर डॉ. आंबेडकर निवडून आले, आणि ऑगस्टच्या अखेरीस मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.